संसाराचा तास

(गावच्या रेडिओवर आम्ही केलेलं हे बोलणं. छापायला देताना थोडं नीट लावून घेतलंय, बाकी जसं बोललो तसंच.)

गुरुवारी दुपारी ज्या गटांची बैठक असते त्यांनी रेडिओ मध्ये ठेवून आवाज वाढवा. हप्ते गोळा करून झाले असतील तर वही मिटा. राहिले असतील तर आधी हप्ते, मग आम्ही.

आज हायस्कूलमधल्या एका तासाबद्दल सांगायचंय. वेळापत्रकात त्याचं नाव 'जीवन कौशल्य' असं आहे. पोरं त्याला 'संसाराचा तास' म्हणतात, आणि आता आम्हीही तेच म्हणतो. दर शनिवारी सकाळच्या शाळेत, शेवटचा तास, नववीचा वर्ग. शिकवायला आम्ही चौघी. एक आशाताई, एक अंगणवाडीची सेविका आणि दोघी अनेक वर्षं ऊस तोडून आता गावातच राहिलेल्या. चौघींत बारावी झालेली एकच.

सुरुवात अशी झाली. हेडसरांनी आशाताईला बोलावलं आणि म्हणाले, "मुलींना पाळीबद्दल तेवढं सांगून जा. मुलांना आम्ही तेवढा वेळ मैदानावर काढतो." आम्ही म्हटलं, सर, मुलांना बाहेर कशाला? त्यांना काय घरं करायची नाहीत? उद्या त्यांची बायको, बहीण, लेक यांना पाळी येणारच आहे. सर जरा अवघडले, पण माणूस भला. पालकांना विचारू म्हणाले. सभेला अकरा बाया आणि दोन पुरुष आले. त्या दोघांपैकी एक काका म्हणाले, "पोरांना नको ते शिकवून बिघडवाल." आम्ही विचारलं, "काका, पोरगा रात्री मोबाईलवर काय शिकतो ते बघितलंय का?" त्यावर ते काही बोलले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.

हे खूळ आजचं नाही बरं का. आपल्या मराठी मुलखात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं. शरीर, संबंध, संततिनियमन यांवर त्यात उघड लिहायचे आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरोधात गेला. पण माणसानं प्रश्न विचारावा आणि त्याला खरं उत्तर मिळावं, एवढ्यासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. पुढं २००७ मध्ये शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरून परत मोठा गदारोळ झाला आणि आपल्या राज्यातही त्याला खीळ बसली. म्हणून आम्ही वर्गात पहिल्या दिवशी शरीराला हातच घातला नाही. पहिल्या दिवशी घातला घड्याळाला.

प्रत्येकाला कागद दिला आणि सांगितलं, पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात कोण काय करतं ते तासातासानं लिहा. पोरांनी आईपुढं काय लिहिलं असेल? "घरीच असते." एकानं लिहिलं, "आई काही करत नाही, स्वयंपाक करते." मुलींनी मात्र पाणी, झाडलोट, शेण, चूल, भांडी, धुणं, लहान भावाला शाळेत सोडणं, सगळं मिनिटांसकट लिहिलं होतं. ज्यांचे आईवडील कारखान्यावर गेले होते त्यांच्या कागदावर आईच्या जागी आजी होती. दोन मुलींच्या कागदावर आईच्या जागी त्या स्वतःच होत्या.

मग आम्ही सरकारचाच आकडा फळ्यावर लिहिला. २०१९ साली देशभर पाहणी झाली होती, माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात याची. त्यात घरातलं बिनपगारी काम शंभरातल्या ८१ बाया करत होत्या आणि शंभरातले २६ पुरुष. जे करत होते त्यांच्यातसुद्धा बाईचा वेळ दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषाचा ९७. पोरांनी भागाकार करून २९९ म्हणजे पाच तास काढले. एक म्हणाला, "मावशी, शाळेचा दिवस जवळपास एवढाच असतो की." आम्ही पुढं काही बोललो नाही.

दुसऱ्या शनिवारी प्रश्नपेटी ठेवली. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, वर फट पाडलेली, बाजूला छोटं कुलूप. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. प्रत्येकानं चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसला तर कोरी. म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही हे कळत नाही. ही युक्ती लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे.

पहिल्या डब्यात सत्तावीस प्रश्न निघाले. पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का? दाढी उशिरा येणं म्हणजे आजार आहे का? रात्री चड्डी ओली होते, कुणाला सांगू? आणि एका चिठ्ठीत, मुलीच्याच अक्षरात, "पिशवी काढली की पाळीचा त्रास कायमचा जातो का? माझ्या आईची आणि मावशीची काढली आहे."

ही चिठ्ठी आपल्याच भागात येऊ शकते, मैत्रिणींनो. ऊस तोडणाऱ्या किती बायांच्या गर्भपिशव्या काढल्या हे आपल्याला माहीत आहे. ती बातमी इतकी मोठी झाली की २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली होती. पण चौदा वर्षांच्या पोरीला ते ऑपरेशन म्हणजे सुटका वाटतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आशाताईनं वर्गात सांगितलं, की पिशवी हा काही दुखरा दात नाही. काही आजारांत काढावी लागते, पण आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं, सरकारी दवाखान्यात तपासणी करायची. बीजकोषही काढले तर कमी वयात हाडं ठिसूळ व्हायला लागतात, अंगाची लाही होते. अंगावरून पांढरं जाणं किंवा पाळीत पोट दुखणं, एवढ्यासाठी पिशवी काढायची नसते. हे ऐकताना मुलंही मान खाली घालून बसली होती, पण ऐकत होती.

मुलगा की मुलगी हा प्रश्न तर सहा चिठ्ठ्यांमध्ये होता. त्याला आम्ही मणी नेले. एका वाटीत नुसते पांढरे, दुसऱ्या वाटीत निम्मे पांढरे, निम्मे काळे. पहिली वाटी आईची, दुसरी बापाची. आईकडून येणारं गुणसूत्र नेहमी एकाच प्रकारचं असतं, त्याला एक्स म्हणतात. बापाकडून एक्स येतं नाहीतर वाय. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक मणी उचलायचा. दोन्ही पांढरे निघाले तर मुलगी, एक काळा निघाला तर मुलगा. सगळ्या वर्गानं मणी उचलले. एकवीस मुली आणि एकोणीस मुलगे झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, चार बहिणींनंतरचा, हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्या आईचा काही दोष नव्हता." आम्ही म्हटलं, नव्हता. बापाचाही नव्हता. डोळे मिटून उचललेला मणी तो.

आमच्यातल्या एकीला तीन मुली आहेत. ती त्या दिवशी घरी जाताना वाटेत काहीच बोलली नाही.

रक्ताचं पण सांगितलं. आपल्या राज्यात शंभरातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते ती लोहाची. मुली ती खिडकीतून टाकायच्या, कारण मळमळतं. उपाशीपोटी घेतली की मळमळणारच. आता जेवण झाल्यावर, सगळ्यांनी एकदमच घ्यायची असं ठरलंय. शरीराबद्दल वर्गात विचारायला लाज वाटली तर ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' असतं, किशोरवयीन मुलामुलींसाठीच. तिथं एकट्यानं गेलं तरी चालतं.

घरखर्चाचा एक तास झाला, त्यात फार सांगण्यासारखं नाही. फक्त एवढंच, की दारू-तंबाखूचा आकडा मुलींनी लिहिला होता आणि मुलांनी वगळला होता.

प्रेमाच्या तासाला मात्र वर्गात जागा पुरेना, दहावीची पोरं खिडकीत उभी. आम्ही प्रेमापासून सुरुवात केलीच नाही, सायकलपासून केली. मित्राची सायकल न विचारता नेली तर? "चोरी!" काल दिली होती म्हणून आज न विचारता नेली तर? "तरी विचारायला पाहिजे." विचारलं आणि तो गप्प बसला तर? इथं वाद झाला. एक मुलगा म्हणाला, गप्प म्हणजे हो. तेव्हा दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "घाबरून पण गप्प बसतात, मावशी." मग सायकल मागं राहिली. एसटी स्टँडपासून घरापर्यंत मागं मागं येणं, वहीत चिठ्ठी टाकणं, फोटो काढून पाठवणं, सगळं निघालं. मुलांना कायदाही सांगितला. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. शरीरसंबंधाला मुलगी 'हो' म्हणाली असली तरी कायद्यात तो होकार धरत नाहीत. हे मुलांना कुणीच सांगत नाही, आणि मग एखाद्याचं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर जातं.

पण त्याच तासाला आमच्या शिकवण्यात एक भोक आहे हे कळलं. आम्ही मुलींना म्हटलं, कुणी त्रास दिला तर घरी सांगा. एकीनंही मान हलवली नाही. का? बऱ्याच वेळानं एक म्हणाली, "घरी सांगितलं तर शाळा बंद होती, मावशी. त्याची नाही, माझी." बाकीच्या तिच्याकडं बघत होत्या, म्हणजे सगळ्यांचं तेच.

आता त्या चिठ्ठीबद्दल. हे सांगायला आम्ही त्या मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे.

दसऱ्याच्या आधी डब्यात चिठ्ठी निघाली. "दिवाळीनंतर माझं लग्न आहे. मला दहावी करायची आहे. कुणाला सांगू नका." आणि आम्ही सांगितलं. म्हणजे मुद्दाम नाही. आमच्यातल्या एकीनं अक्षर ओळखलं, काळजीपोटी घरी जावेजवळ बोलली, आणि संध्याकाळपर्यंत ते पिठाच्या गिरणीवर पोचलं. मुलगी दोन शनिवार शाळेत आली नाही. ही चूक आमची. तिची सबब नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा तोंडात कायदा होता. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण. लग्न लावणाऱ्याला आणि जुळवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, अंगणवाडी सेविका त्याच्या मदतीला. १०९८ वर फोन केला की यंत्रणा हलते. लग्न लागून गेलं असलं तरी मुलीला अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत कोर्टातून ते रद्द करून घेता येतं. हे सगळं आम्ही घडाघडा बोललो. तिच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गावभर तुम्हीच केलं. आता स्थळ मोडलं तर पोरीला तुमच्या घरी ठेवू का?"

आम्हाला उत्तर आलं नाही. उठूनही जाता येईना. बसलो. तिनं चहा ठेवला. मग ती बोलायला लागली. मुकादमाची उचल घेऊन झालेली. दसरा झाला की गाडी भरणार, पाच-सहा महिने कोल्हापूरकडं फडावर. मागं राहणार आजी, तिला संध्याकाळनंतर दिसत नाही. घर वस्तीच्या टोकाला, दाराची कडी मोडकी. मागच्या हंगामात शेजारच्या घराचं दार रात्री कुणीतरी वाजवलं होतं. "मी तिकडं कोयता हातात घेते आणि जीव इकडं असतो. सोबत न्यावं तर तिथं खोपीला दारच नसतं. लग्न केलं म्हणजे ती कुणाच्या तरी घरात झोपेल."

मैत्रिणींनो, आपल्या बीड जिल्ह्यात २०१९ ते २१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी शंभरात जवळजवळ ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यात तोच आकडा शंभरात २२. इतके दिवस आम्ही हा आकडा वाचून म्हणायचो, लोक अडाणी आहेत. हुंडा वाढेल म्हणून करतात, जोडी झाली की कोयता वाढतो, उचल वाढते म्हणून करतात. ही कारणं खोटी नाहीत. पण त्या चुलीपुढं कळलं, की कितीतरी घरांत खरा प्रश्न साधा आहे. पोरगी रात्री कुठं झोपणार?

आणि साध्या प्रश्नाला साधं उत्तर असू शकतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिथं अर्ज केला. त्या वर्षी जागा मिळाली नाही. मग गटाच्या अंतर्गत कर्जातून दाराला नवी कडी आणि बाहेर दिवा बसवला, आणि आमच्यातल्या दोघी आळीपाळीनं त्या घरी झोपायला जायला लागल्या. एकीच्या नवऱ्यानं कुरकुर केली. त्याला म्हटलं, स्वयंपाक करून जाते, तुला फक्त झोपायचंय. ग्रामसेवकानं दोन्ही घरांना लेखी कळवलं, त्यामुळं 'पाहुण्यांना काय सांगू' हा आईचा प्रश्नही सुटला. सरकारचं पत्र आलंय, एवढं सांगितलं की झालं. दोन हंगाम झोपलो. मुलीनं दहावीची परीक्षा दिली. मार्क सांगत नाही, तिनं नको म्हटलंय.

त्याच वर्गात दुसरी एक मुलगी होती. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा तिची जागा रिकामी दिसली. तिनं चिठ्ठी टाकली नव्हती, किंवा कोरी टाकली असेल. तिची आई आमच्याच गटात आहे. दर महिन्याला आम्ही तिच्याकडून शंभर रुपये घेत होतो, सही घेत होतो. पोरगी काय म्हणते, असं एकदाही विचारलं नव्हतं. बैठकीत ती अजून येते. आम्ही तिच्या शेजारी बसतो.

म्हणून तास वर्गात असला तरी अर्धा तुमच्या घरात आहे. शनिवारी पोरगं किंवा पोरगी काहीतरी विचारत घरी येईल. 'गप्प बस' तोंडात येईल, आमच्याही येतं. उत्तर ठाऊक नसलं तर सरळ म्हणा, मला माहीत नाही, आशाताईला विचारू. आणि मुलीनं कुणा पोराचा त्रास सांगितला तर त्या दिवशी तिची शाळा, तिचं बाहेर जाणं, तिचा मोबाईल यातलं काहीही बंद करू नका. आधी शाळेत जाऊन बाईंना किंवा सरांना भेटा. तिला एकदा शिक्षा झाली की ती पुढचं कधीच सांगणार नाही, आणि तिचं बघून धाकटीही नाही. मुलाचं म्हणाल तर त्याच्या ताटापासून सुरुवात करा. जेवल्यावर ताट तो स्वतः घासत नसेल तर आमच्या घड्याळाच्या तासाचा काही उपयोग नाही.

ज्या गटांना आपल्या गावात हा तास सुरू करायचाय त्यांनी पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय मांडा, एकट्या हेडसरांवर टाकू नका. आमच्या चुकीतून शिकलेलं सांगतो. डब्याची किल्ली दुसऱ्या वस्तीतल्या बाईकडं ठेवा, जिला पोरांची अक्षरं ओळखू येणार नाहीत. चिठ्ठ्या वर्गात जशाच्या तशा वाचायच्या नाहीत, प्रश्न आपल्या शब्दांत मांडायचा. तास संपला की चिठ्ठ्या चुलीत. फोटो काढायचे नाहीत, गटाच्या व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

आणखी एक. असाच एक डबा आम्ही आता पिठाच्या गिरणीवरही ठेवलाय, तुमच्यासाठी. दळण टाकायला याल तेव्हा चिठ्ठी टाका. नाव लिहू नका. लिहिता येत नसेल तर बुधवारी दुपारी दोन ते चार या वेळात अंगणवाडीत या, आम्ही लिहून घेऊ. उत्तरं पुढच्या गुरुवारी, याच वेळेला.